मुसीकाठची स्मृती : वास्तू, वृक्ष आणि पुतळे



स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले की वक्त्यापुढे पहिला प्रश्न विषयाचा असतो. मला मात्र या वेळी विषय शोधावा लागला नाही. ज्या गुरुजनांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा पुतळा या आवारात नाही. तरीही दरवर्षी आपण येथे जमतो आणि त्यांचे नाव घेतो. एखादे नगर आपल्या माणसांना कसकसे स्मरते, कशाला स्मारक म्हणते, आणि त्यातले काय टिकते व काय टिकत नाही, हा विचार त्यातूनच सुचला. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या हैदराबादची मुसी नदी आणि तिच्या काठची वस्ती एवढे क्षेत्र पुरेसे आहे. पश्चिमेस लंगरहौजपासून पूर्वेस चादरघाटापर्यंतचा हा पट्टा. ज्याचे पाणी शेवटी मुसीलाच येऊन मिळते तो हुसेनसागरही त्यात धरावयास हवा.

कुतुबशाही नगर वसले ते मुसीच्या दक्षिण तीरावर. त्याआधीच, १५७८ साली, इब्राहीम कुतुबशहाच्या कारकिर्दीत गोवळकोंड्याच्या वाटेवर पुराणापूल उभा राहिला होता. नगराला तट होता आणि उत्तरेचा तीर तटाबाहेरचा, म्हणजे त्या काळच्या अर्थाने उपनगर. या उपनगराला महत्त्व आले ते इंग्रज रेसिडेंटाच्या निवासामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने निजामाच्या खर्चाने येथे एक भव्य प्रासाद बांधविला. उंच कोरिंथियन स्तंभ, त्यांच्यावरील त्रिकोणी शिरोभागात ईस्ट इंडिया कंपनीचे राजचिन्ह, आणि प्रवेशाच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस बसलेले सिंह. मुसीकाठच्या सार्वजनिक शिल्पाचा इतिहास सांगायचा झाला तर या सिंहांचा निर्देश टाळता येत नाही. ते शोभेसाठी होतेच; पण पलीकडच्या तीरावरून येणाऱ्या दरबारी मंडळींना येथे सत्ता कोणाची आहे, हे सांगण्यासाठीही होते. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझखान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली याच रेसिडेन्सीवर हल्ला झाला. तो फसला, मौलवींना अंदमानला धाडण्यात आले आणि तुर्रेबाझखान मारले गेले. आज कोठीच्या गजबजाटात त्या वीरांचे साधेसे स्मारक आहे. प्रासादाचे पुढे, १९४९ साली, स्त्रियांचे महाविद्यालय झाले. कंपनीच्या सिंहांसमोरून मुली वह्यापुस्तके घेऊन वर्गात जाऊ लागल्या. एखाद्या शिल्पाचा अर्थ तोडफोड न करताही बदलता येतो, याचे इतके सौम्य उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढलेल्या बाजारपेठेचा कारभार दीर्घकाळ इंग्रजांकडे होता. १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत गेला आणि रेसिडेन्सी बाजाराचे सुलतान बाजार झाले. आपली मराठी वस्ती प्रामुख्याने याच उत्तर तीरावर, सुलतान बाजार, गौलीगुडा, काचीगुडा या भागांत विसावली. त्यामुळे मुसीकाठचा इतिहास आपल्याला परका नाही. तो आपल्या शेजारचा इतिहास आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या काळात मुंबईत चौकाचौकांत पुतळे उभे राहात होते, त्या काळात हैदराबादेत ही प्रथा जवळजवळ नव्हती. मुंबईत १८७२ साली व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बसला आणि १८९६ साली चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले, हे आपण शाळेत असतानाच वाचलेले असते. स्वातंत्र्यानंतर इंग्रजी अमदानीतले अनेक पुतळे चौकांतून हलविण्यात आले आणि त्यांतील काही भायखळ्याच्या राणीच्या बागेत, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जाऊन विसावले. हैदराबादेत आसफजाही राज्यकर्त्यांची स्मृती मनुष्याकृतींतून नव्हे, तर कमानी, घड्याळाचे मनोरे, मशिदी, रुग्णालये आणि तलाव यांतून जपली गेली. याचा अर्थ या राज्याला शिल्पाचे वावडे होते असा नव्हे. अजिंठा आणि वेरूळ तेव्हा याच राज्यात होते. १९१४ साली येथे पुरातत्त्व खाते स्थापन झाले, गुलाम याझदानी यांनी ते नावारूपास आणले, आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावण्यात आले. जुने शिल्प जपावे, परंतु नव्या सत्ताधीशाची मूर्ती चौकात मांडू नये, अशी ती रीत होती.

या रीतीची सर्वांत मोठी कसोटी २८ सप्टेंबर १९०८ रोजी लागली. त्या दिवशीचा मुसीचा महापूर हैदराबादच्या लोकस्मृतीत 'तुघियानी' या नावाने राहिला आहे. सुमारे १५,००० माणसे दगावली असे मानले जाते. अफझलगंज आणि आसपासचे मोहल्ले वाहून गेले; नदीवरचे नवे पूल मोडले; जुना पुराणापूल तेवढा तगून राहिला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी नदीकाठी येऊन हिंदू रीतीने मुसीची पूजा केली, अशी कथा लोक अजून सांगतात. उर्दूचे नामांकित रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. एकटे तेच वाचले. त्या आघाताचे पडसाद त्यांच्या काव्यात उमटले.

एवढ्या मृतांचे स्मारक कोठे आहे? पुतळा नाही, स्तंभ नाही. पण शोधणाऱ्याला दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेचे झाड. पुराच्या दिवशी त्याच्या फांद्यांना धरून सुमारे १५० जणांनी जीव वाचविला असे सांगतात. अलीकडच्या काळात २८ सप्टेंबरला काही नागरिक या झाडाखाली जमून पूरग्रस्तांचे स्मरण करीत आले आहेत. ज्याने प्राण वाचविले तेच स्मारक झाले. ते घडवायला शिल्पी लागला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पुरानंतर बदललेला सारा नदीकाठ. १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडविल्यावाचून नगर सुरक्षित राहणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या शिफारशींनुसार मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाले. १९१२ साली नगर सुधार मंडळ स्थापन झाले. पुराने उद्ध्वस्त झालेल्या काठावर तटबंदी आणि बागा झाल्या. दक्षिण तीरावर उच्च न्यायालय व सिटी कॉलेजची इमारत, उत्तर तीरावर उस्मानिया रुग्णालय आणि पुढे आसफिया ग्रंथालय उभे राहिले. यांपैकी पहिल्या तीन वास्तूंची रचना व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाची. न्याय, शिक्षण, आरोग्य आणि ग्रंथ अशी चार घरे नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर आली. यांच्या कमानी, घुमट आणि छत्र्या यांनाच मी मुसीकाठची पहिली सार्वजनिक कला म्हणेन. ती पाहण्यासाठी कोणी मुद्दाम जात नाही. आजारी माणूस, पक्षकार, विद्यार्थी आणि वाचक आपल्या कामासाठी जातात आणि जाता जाता ती पाहतात.

आपल्या मराठी समाजानेही हीच वाट धरली होती. हैदराबादच्या सार्वजनिक जीवनाचे एक धुरीण केशवराव कोरटकर १९३२ साली निवर्तले. त्यांच्या नावाने पुढे जे उभे राहिले ती शाळा होती : १९४० साली नारायणगुड्यात त्यांचे सुपुत्र विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली केशव स्मारक संस्था. 'स्मारक' हा शब्द शाळेच्या नावातच आहे. त्या काळच्या माणसांना स्मारक म्हणजे शाळा, ग्रंथालय, वसतिगृह असेच सुचत असे. येथे मातृभाषेतून शिकण्याचीच वाण होती. पुतळा ही चैन होती, शाळा ही गरज होती.

ही परंपरा मोडली ती १९८० नंतरच्या दशकात, आणि नदीऐवजी हुसेनसागराच्या काठी. १५६२–६३ च्या सुमारास बांधलेल्या या तलावाच्या बंधाऱ्यावर, टँकबंडवर, मुख्यमंत्री नंदमूरी तारक रामाराव यांच्या राजवटीत ३३ पुतळ्यांची रांग उभी राहिली. कवी, संत, राजे, समाजसुधारक. नन्नय, तिक्कन, पोतना, वेमना, मोल्ला, त्यागराज, कृष्णदेवराय, रुद्रमादेवी, वीरेशलिंगम, मखदूम मोहिउद्दीन, एवढेच नव्हे तर सहावे निजाम महबूब अली खानही. त्या रांगेत एक पुतळा शालिवाहनाचा आहे. मराठी माणसाने तेथे क्षणभर थांबावे. गुढीपाडव्याला आपण ज्या शकाचे नाव घेतो तो शालिवाहनाचा, आणि परंपरेने त्याची राजधानी गोदाकाठचे पैठण. तेलुगू भाषिक त्याला आपला मानतात, आपणही मानतो. इतिहासाच्या दृष्टीने सातवाहनांचे राज्य या दोन्ही प्रदेशांवर होते, म्हणून दोघांचेही म्हणणे खरे. भाषावार सीमा १९५६ साली आखल्या गेल्या. सातवाहनांना त्या ठाऊक नव्हत्या.

याच काळात तलावाच्या मध्यावर बुद्धाची अखंड पाषाणमूर्ती उभारण्याचा संकल्प झाला. अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती पाहून रामारावांना ही कल्पना सुचली असे सांगतात. भोंगीरजवळच्या रायगिरीच्या डोंगरात शिला सापडली. गणपती स्थपती यांच्या मार्गदर्शनाखाली शिल्पकारांनी सुमारे १८ मीटर उंचीची, सुमारे ३५० टन वजनाची मूर्ती घडविली. १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेत असताना ती काठापासून थोड्याच अंतरावर पाण्यात कोसळली आणि तिच्यासोबत असलेल्या कामगारांपैकी काहींनी प्राण गमावले. दोन वर्षांहून अधिक काळ बुद्ध तलावाच्या तळाशी होता. १ डिसेंबर १९९२ रोजी मूर्ती अभंग अवस्थेत वर काढून चौथऱ्यावर उभी करण्यात आली. आज होडीतून तेथे जाणाऱ्या पर्यटकांना मूर्तीची उंची आणि वजन सांगितले जाते. बुडालेल्या कामगारांची नावे कितीजणांना ठाऊक आहेत? करुणेच्या मूर्तीपाशी हा प्रश्न विचारला नाही तर तो कोठे विचारावा?

योगायोग असा की, बरोबर एकवीस वर्षांनी, १० मार्च २०११ रोजी, टँकबंडवरच्या पुतळ्यांवर हात पडला. स्वतंत्र तेलंगणासाठी निघालेल्या प्रचंड मोर्चाच्या दिवशी कृष्णदेवराय, अन्नमय्या, श्रीश्री, गुर्रम जाषुवा आणि इतर अनेकांचे पुतळे फोडले गेले; काही तलावात ढकलले गेले. जाषुवा हे स्वतः अस्पृश्यतेचे चटके सोसलेले कवी. त्यांचा पुतळा कोणाचा शत्रू असेल? हे कृत्य निंद्यच होते आणि तेव्हाही अनेकांनी त्याचा निषेध केला. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने निषेधापाशी थांबता कामा नये. आंदोलकांची तक्रार अशी होती की ज्या भूमीवर ही रांग उभी आहे, त्या तेलंगणाची माणसे तिच्यात फार थोडी आहेत. रांग कोणी निवडली, कोणाला विचारून निवडली, हा प्रश्न पंचवीस वर्षे मनात साचून राहिला आणि एका दिवशी तो घणाच्या घावांनी विचारला गेला. पुतळे पुढे पुन्हा बसविण्यात आले. प्रश्नाचे उत्तर मात्र दगडात किंवा धातूत मिळणारे नाही.

एवढे ऐकून कोणास वाटेल की वक्ता पुतळ्यांच्या विरुद्ध आहे. तसे नाही, आणि ते मला नेमकेपणाने सांगितले पाहिजे. १४ एप्रिल २०२३ रोजी हुसेनसागराच्याच परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १२५ फूट उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाले. संसद भवनाच्या आकाराचा ५० फुटी चौथरा धरला तर एकूण उंची १७५ फूट. बाबासाहेबांचा हैदराबाद राज्याशी संबंध जुना. १९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले तेव्हा औरंगाबाद याच राज्यात होते. १९५३ साली उस्मानिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यावर जाण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या नेत्याची प्रतिमा नगरातील सर्वांत मोठ्या तलावाच्या काठी उभी राहते, याचा अर्थ केवळ फुटांत मोजता येत नाही. गावोगावच्या वस्त्यांमधील निळ्या कोटातला, हाती संविधान घेतलेला छोटा पुतळा वर्गणी काढून उभारलेला असतो. तो पुतळा म्हणजे त्या वस्तीने सार्वजनिक जागेवर सांगितलेला हक्क असतो. ज्यांच्याजवळ शाळा, वाडे, मंदिरे, ग्रंथालये होती त्यांनी पुतळ्याला चैन म्हणावे हे सोपे आहे. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते त्यांच्यासाठी पुतळा हीच पहिली इमारत असते. मघाशी मी पुतळ्याला चैन म्हटले. ते विधान मला येथे एवढ्यापुरते दुरुस्त केले पाहिजे.

हा पुतळा घडविणारे हात मराठी होते. राम वनजी सुतार यांचा जन्म १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात, सुतारकाम करणाऱ्या घरात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते १९५४ साली पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत औरंगाबादला आले आणि अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या डागडुजीचे काम त्यांनी केले. म्हणजे ज्या लेण्यांचे जतन हैदराबाद राज्याने आरंभिले होते, तेथेच त्यांच्या हाताला प्राचीन शिल्पाचे वळण लागले. पुढे चंबळ नदीवरील गांधीसागर धरणापाशी त्यांनी चंबळमातेचे ४५ फुटी शिल्प घडविले. एका आईजवळ दोन बालके, म्हणजे चंबळेच्या पाण्यावर वाढणारी मध्य प्रदेश आणि राजस्थान ही दोन राज्ये. नदीकाठच्या शिल्पाने काय सांगावे याचा तो उत्तम धडा आहे. त्यात कोणा सत्ताधीशाचा गौरव नाही. पाणी दोघांचे आहे, एवढेच ते सांगते.

आता मी आपल्याला पुन्हा मुसीकडे, तिच्या पश्चिम टोकाला नेतो. लंगरहौजला मुसी आणि ईसी यांचा संगम होतो. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचे येथे विसर्जन झाले. हैदराबाद संस्थान तेव्हा भारतात विलीन व्हावयाचे होते. तरीही गांधीजींची रक्षा मुसीच्या पाण्यात मिसळली. या जागेला बापूघाट म्हणतात. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला तेथे आदरांजली वाहिली जाते. भूगोलाकडे जरा लक्ष द्या. संगमाच्या एका प्रवाहावर उस्मानसागर आहे, दुसऱ्यावर हिमायतसागर. १९०८ च्या मृतांसाठी बांधलेली दोन धरणे जेथे एकत्र येतात, तेथेच गांधीजींचे स्मरण आहे. कोणी आखून केले नसेल, पण याहून अर्थपूर्ण स्मारकभूमी हैदराबादेत दुसरी नाही.

२०२४ साली राज्य सरकारने मुसी पुनरुज्जीवनाच्या योजनेत बापूघाटावर गांधीजींचा जगातील सर्वांत उंच पुतळा उभारण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच वर्षी सप्टेंबरात नदीपात्रातल्या घरांवर लाल रंगाच्या खुणा केल्या गेल्या आणि काही कुटुंबांना दुसरीकडे हलविण्यात आले. नदी स्वच्छ व्हावी याबद्दल कोणाचेही दुमत नसावे. नगराच्या सांडपाण्याने तिची काय अवस्था केली आहे हे पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नाकाने कळते. पात्रात घरे असणे धोक्याचे आहे, हेही १९०८ ने शिकविले आहे. पण पुतळ्याची उंची आणि हलविलेल्या घरांची संख्या या दोन गोष्टी एकाच योजनेत बसल्या, की गांधींचे नाव घेणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो. रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल, हा त्यांचाच प्रश्न होता.

शंभराहून अधिक वर्षांच्या या नदीकाठच्या इतिहासावरून मला तीन कसोट्या सुचतात. पहिली, स्मारक मागितले कोणी? वस्तीने मागितलेला छोटा पुतळाही टिकतो. वरून बसविलेली मोठी रांगही फुटू शकते. दुसरी, त्याची किंमत कोणी मोजली? पैशाची किंमत अर्थसंकल्पात दिसते. रायगिरीच्या शिलेसोबत बुडालेल्यांची आणि घर सोडणाऱ्यांची किंमत त्यात दिसत नाही. तिसरी, त्याच्या पायथ्याशी रोज काय घडते? रुग्णालयात माणूस बरा होतो, ग्रंथालयात मूल वाचते, चिंचेच्या सावलीत रुग्णांचे नातेवाईक भाकरी खातात. पायथ्याशी असे काही घडत नसेल तर पुतळा वर्षातून दोनदा हार घालण्यापुरता उरतो.

बापूघाटावर पुतळा व्हावा की न व्हावा, हा निर्णय आपण या सभागृहात करणार नाही. पण तो झालाच तर त्याच्या पायथ्याशी वाहणारे पाणी ओंजळीत घेता यावे आणि काठावरून हललेल्या माणसाला तेथे परत येऊन अभिमानाने उभे राहता यावे, एवढी अपेक्षा नागरिक म्हणून आपण ठेवू शकतो. ते पाणी स्वच्छ झाले, तर माझ्या मते निम्मे स्मारक तेथेच पुरे झाले.

शेवटी, आरंभी ज्याचा उल्लेख केला त्या न उभारलेल्या पुतळ्याकडे येतो. आज येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी डॉक्टर आहे, कोणी अभियंता, कोणी शिक्षक. काहीजण नोकरीनिमित्त दूर देशी जाऊन आज मुद्दाम आले आहेत. ज्या गुरुजनांचे आपण स्मरण करीत आहोत त्यांनी आपल्या हातात खडू धरला होता, छिन्नी नव्हे. त्यांनी घडविलेले चौथऱ्यावर बसलेले नाही. ते या सभागृहात समोर बसले आहे. त्यांना माझे वंदन.